सहाशे बावीस इंजेक्शनं

माझी धाकटी बहीण बंदरावर क्रेन चालवायची. जमिनीपासून चाळीस मीटर उंचावर, काचेच्या केबिनमध्ये बसून ती जहाजावरचे ट्रकएवढे लोखंडी डबे उचलायची आणि धक्क्यावर असे अलगद टेकवायची, की खाली उभ्या असलेल्याच्या कपातला चहा हिंदकळायचा नाही. स्वतः उंचीला चार फूट अकरा इंच. बंदरावर सगळे तिला चिमणी म्हणायचे. ते नाव तिथलं नव्हतं, शाळेतलं होतं, आणि शाळेत ती यापेक्षा कितीतरी लहान होती.

बावीस वर्षांत तिच्या हातून एक डबा आपटला नाही. एक दिवस क्रेनची शिडी उतरताना ती शेवटच्या दोन पायऱ्यांवर घसरली, तर खालची माणसं हसली. तीही हसली. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ती आपणहून साहेबांकडे गेली आणि केबिनची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली.

"डबा सरळ असतो आणि मला तिरका दिसतो," ती म्हणाली. "नाहीतर डबाच तिरका असतो आणि मला सरळ दिसतो. दोन्हींतलं खरं काय ते मला कळत नाही. म्हणून उतरले."

तिला कुणी उतर म्हटलं नव्हतं. कुणाची तक्रार नव्हती. जी गोष्ट तिला जिवापलीकडे आवडायची, ती तिने निव्वळ शंकेवरून सोडली. मला त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यापुढे आपण फार लहान आहोत असं वाटलं. पुढे ते बऱ्याचदा वाटणार होतं.

ती थेट माझ्या दुकानात आली. माझं चष्म्यांचं दुकान आहे. मी तिला खुर्चीवर बसवून भिंगांवर भिंगं बदलली, दोन्ही डोळे नीट तपासले. डोळे अगदी ठणठणीत होते. मग मी तिला म्हटलं, "जरा या फरशीच्या रेघेवरून चालून दाखव."

ती चार पावलं चालली, आणि पाचव्या पावलाला काउंटर धरला.

"दादा," ती म्हणाली, "तुझी फरशी हलते."

पुढचे चार महिने तपासण्यांत गेले. कुणी म्हणालं कानातला तोल बिघडलाय, कुणी म्हणालं जीवनसत्त्व कमी पडतंय. तिचा नवरा तिला सगळीकडे न्यायचा. तोही बंदरावरचाच. क्रेनखाली उभं राहून वरच्या माणसाला हाताने इशारे देणं हे त्याचं काम. उचल, खाली सोड, थांब, डावीकडे. दोघांचं लग्न असंच इशाऱ्याइशाऱ्यांत जमलं, असं बंदरावर सगळे म्हणायचे. बोलायला तो फार कमी. आम्ही सगळे त्याला सिग्नलवाला म्हणायचो, फक्त आई 'जावईबापू' म्हणायची.

पाचव्या महिन्यात आम्ही मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचलो. चिमणी, सिग्नलवाला, मी आणि आई. आई तेव्हा एकोणऐंशीची. तिला कशाला नेलं, असं मला नंतर कितीदा वाटलं. पण ती ऐकेना.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूची चित्रं पडद्यावर लावली, बराच वेळ पाहिली, मग चिमणीकडे वळून विचारलं, "लहानपणी डोक्याचं ऑपरेशन झालं होतं?"

"नाही."

"डोळ्याचं?"

"नाही."

"उंची वाढायची इंजेक्शनं घेतली होती?"

चिमणी काही म्हणायच्या आत कोपऱ्यातून आईचा आवाज आला. "हो. नऊ ते तेरा वर्षांची असताना. मी द्यायचे."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

नवव्या वर्षी चिमणी पाच वर्षांच्या मुलीएवढी होती. वर्गात पहिल्या बाकावर बसूनही तिला डेस्कवरून फळ्याचा वरचा भागच दिसायचा. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या शरीरात वाढीचा रस तयार होत नाही, बाहेरून द्यावा लागेल. ते औषध दुर्मीळ होतं. मोजक्या मुलांना मिळायचं. आमचा नंबर लागला तेव्हा वडिलांनी आख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. आई दवाखान्यात जाऊन इंजेक्शन द्यायला शिकली. महिनाभर संत्र्यावर सराव केला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, ती संत्री मीच खायचो.

"त्या काळी ते औषध कारखान्यात बनत नसे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणसाच्या मेंदूच्या खाली एक ग्रंथी असते, वाटाण्याएवढी. मेलेल्या माणसांच्या त्या ग्रंथी गोळा करायचे, शेकडो एकत्र करून त्यांचा अर्क काढायचे. एका मुलाला वर्षभर पुरेल इतकं औषध करायला शंभरएक ग्रंथी लागायच्या."

"म्हणजे शंभर माणसं," चिमणी म्हणाली.

"हो. साधारण."

"चार वर्षं. म्हणजे मला चारशे माणसांनी वाढवलं."

डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली. मग त्या पुढचं बोलल्या. त्या शेकडोंमध्ये एखाद्या माणसाला मेंदूचा एक अत्यंत विरळा आजार असायचा. त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. त्याच्या ग्रंथीतून तो आजार औषधात आला. आजार म्हणजे जंतू नव्हे. आपल्या मेंदूतच असलेलं एक प्रथिन, फक्त त्याची घडी चुकलेली. चुकीच्या घडीचं एक प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनाला लागलं, की त्याचीही घडी तशीच बिघडते. मग त्याच्या शेजारच्याची.

"उकळून मरत नाही?" मी विचारलं.

"मरायला ते जिवंतच नसतं," त्या म्हणाल्या. "ते नुसतं असतं. पंचवीस वर्षं, तीस वर्षं. तुमच्या बहिणीत पस्तीस वर्षं होतं."

पस्तीस वर्षं. तिची शाळा, क्रेनची परीक्षा, लग्न, बावीस वर्षांचे हजारो डबे, माझ्या मुलांना तिने शिकवलेली सायकल. या सगळ्याच्या खाली ते गुपचूप पसरत होतं. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त मी थक्क झालो. एवढं सूक्ष्म, एवढं निर्जीव, आणि एवढा धीर!

चिमणीने आजाराचं नाव विचारलं. डॉक्टरीणबाईंनी ते सांगितलं. क्रॉइट्सफेल्ट-याकोब.

"हे काय नाव झालं?"

"ज्या दोन डॉक्टरांनी तो प्रथम नोंदवला, त्यांची नावं आहेत."

"मग तिसरं माझं लावा. मी तर तो आतून बघतेय."

यावर उपाय नाही, हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. वर्ष, फार तर दीड वर्ष. आधी तोल, मग बोलणं, मग बाकीचं. उठताना चिमणीने एकच प्रश्न विचारला.

"त्या चारशे जणांना विचारून घेतलं होतं का हो?"

"बहुतेकांना नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर आई जी बसली, ती बसलीच. पाण्याचा पेला पुढे केला तर हातात धरून ठेवायची, प्यायची नाही. तिसऱ्या दिवशी चिमणी भिंतीला धरत धरत तिच्या खोलीत गेली. मी दारात होतो.

"आई, तू टोचलं नसतंस तर काय झालं असतं?"

आई हातातल्या पेल्याकडे बघत राहिली.

"मी आजसुद्धा स्टुलावर उभी राहून भांडी घासत असते. क्रेनच्या परीक्षेच्या वेळी पाय पेडलला पोचतात का ते बघत होते. जेमतेम एका बोटाने पोचले. ते एक बोट तू दिलंस."

आईने तिला जवळ घेतलं. पण ते ओझं तसल्या बोलण्याने उतरणारं नव्हतं.

दाव्याचं डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं. या इंजेक्शनांनी बाधित झालेल्यांसाठी सरकारने भरपाईची योजना केली होती, तिचं वेगळं कार्यालय होतं. मला खरं म्हणजे त्यात रस नव्हता. भरपाई कशाची आणि किती? पण सिग्नलवाल्याला नोकरी सोडून घरी राहावं लागणार होतं, आणि घरात उचलायला, धुवायला, भरवायला आणखी हात लागणार होते. आणि चिमणी म्हणाली, "भरपाईचं राहू दे. पण ते झालं, एवढं तरी कुठल्यातरी सरकारी कागदावर लिहिलेलं असू दे. नाहीतर पुढे लोक म्हणतील, क्रेनवरून पडली."

मी फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता: उपचाराचा लेखी पुरावा. मी मोठ्या दवाखान्यात पत्र पाठवलं. उत्तर आलं की त्या वर्षांची कागदपत्रं मुदत संपल्यावर नष्ट केली. उपचार करणारे डॉक्टर वारले होते. महिन्याभराने दाव्याचा कागद परत आला. पुरावा अपुरा.

मग मी शाळेत गेलो. तिथल्या मुख्याध्यापकांनी मला तळघरातल्या कपाटापाशी नेऊन सोडलं आणि म्हणाले, "सापडलं तर तुमचं नशीब." दोन दुपारी धूळ खाल्ल्यावर आरोग्य तपासणीची वही सापडली. दर वर्षी जूनमध्ये प्रत्येक मुलाची उंची. चिमणीच्या नावापुढे सहाव्या वर्षापासून नवव्यापर्यंत जेमतेम वाढ. मग दहाव्या वर्षी अकरा सेंटिमीटर. अकराव्या वर्षी नऊ. त्या आकड्यांशेजारी शाळेच्या नर्सने पेन्सिलीने एक उद्गारचिन्ह काढलं होतं. मी त्या उद्गारचिन्हाकडे किती वेळ बघत बसलो, कोण जाणे. पस्तीस वर्षांपूर्वी एका परक्या बाईला माझी बहीण वाढते आहे याचं नवल वाटलं होतं.

मी ती पानं घेऊन कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकारी बाई वयाने माझ्याहून लहान, बोलायला सरळ. त्यांनी पानं निरखून पाहिली.

"वाढ दिसते," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन दिसत नाही. इंजेक्शनं कोण द्यायचं?"

"आई."

"हयात आहेत?"

मी ती पानं पुन्हा पाकिटात भरू लागलो. त्यांना ते कळलं. "मी जबरदस्ती करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण दुसरा साक्षीदार कुणी नाही."

आईला मी हे जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्याच तोंडून वदवून घेणार, की मी टोचलं." मी म्हटलं, नको असेल तर राहू दे. दोन दिवस तिने विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर जायचं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन दारात उभी.

"आज नाही, आई. सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे."

"असू दे," ती म्हणाली. "मला सराव करायचाय."

आणि महिनाभर तिने सराव केला. एकटीच खिडकीत बसून, ओठ हलवत.

सुनावणीच्या दिवशी चिमणी चाकाच्या खुर्चीत होती. बोलणं जड झालं होतं, पण समजायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाकांवर आम्ही वाट बघत बसलो. समोर एक माणूस बसला होता, पन्नाशीचा, बुटका, नीटनेटका. तो चिमणीकडे बघायचा, नजर चुकवायचा, पुन्हा बघायचा. शेवटी उठून जवळ आला.

"तुम्ही कुठल्या वर्षी घेतलीत?" त्याने विचारलं.

चिमणीने सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "मीपण. त्याच वर्षापासून."

त्याला काही झालेलं नव्हतं. होईल की नाही, हे सांगणारी कुठली तपासणी नव्हती. तो रोज सकाळी उठून एका पायावर उभा राहून बघायचा, असं तो म्हणाला. वीस वर्षं. योजनेत त्याच्यासारख्यांचाही विचार होता, म्हणून तो आला होता. हे सगळं त्याने हळू आवाजात सांगितलं आणि मग तसाच उभा राहिला, जणू तिने त्याला काहीतरी द्यावं.

चिमणीने शब्द जुळवायला वेळ घेतला. "तुम्ही... लिफ्टनं आलात की जिन्यानं?"

"जिन्यानं."

"कठडा धरला?"

"नाही."

"मग आज नाही," ती म्हणाली. "आजचं जेवून घ्या."

तो माणूस हसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही एकदमच. त्याने तिचा थरथरणारा हात दोन्ही हातांत धरला. मग त्याला आत बोलावलं आणि तो गेला.

आमची पाळी आली. लांब टेबल, पाण्याचा जग, टेबलापलीकडे अधिकारी बाई आणि पांढऱ्या भुवयांचे एक म्हातारे डॉक्टर. बाजूला टाइप करणारी एक मुलगी. आईला खुर्ची दिली. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

"सांगा," डॉक्टर म्हणाले. "औषध कसं असायचं?"

आईने हात पुढे केले, जणू त्यांत काही आहे.

"छोटी बाटली. तळाशी पांढरी पूड, चिकटून बसलेली. दुसऱ्या बाटलीतलं पाणी सुईने ओढून घ्यायचं आणि काचेच्या कडेनं हळू सोडायचं. पुडीवर थेट सोडायचं नाही. मग बाटली हलवायची नाही. तळहातांत धरून फिरवायची, पेन्सिल फिरवतो तशी."

"हलवली तर?"

"फेस यायचा. फेस आला की औषध बिघडतं, असं सांगितलं होतं."

डॉक्टरांनी अधिकारी बाईंकडे पाहिलं आणि हलकेच मान डोलावली. "हे पुस्तकात वाचून कुणी सांगणार नाही," ते म्हणाले. मग आईला विचारलं, "घरी फ्रिज होता?"

"नव्हता. कोपऱ्यावर बर्फवाला होता. त्याच्याकडून रोज बर्फ आणायचा, थर्मासमध्ये भरायचा, वर फडकं, फडक्यावर बाटली. बाटली ओली होऊ द्यायची नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार. एकदा डावी मांडी, एकदा उजवी."

"कधी फेस आला?"

आई थांबली. मला वाटलं, हा प्रश्न तिच्या सरावात नव्हता.

"एकदा," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी. माझा हात घसरला. फेकून द्यायला हवं होतं. पण एवढं लांबून आणलेलं, एवढं दुर्मीळ. फेस बसेपर्यंत थांबले आणि दिलं." तिने डॉक्टरांकडे पाहिलं. "तेच असेल का हो ते?"

म्हणजे पाच-सहा महिने ती हे घेऊन बसली होती. आम्हाला कुणाला पत्ताही नव्हता.

डॉक्टर खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि आईसमोर उकिडवे बसले. त्यांचं वय पाहता ते सोपं नव्हतं.

"नाही, बाई. फेसाचा याच्याशी काही संबंध नाही. ते आमच्याकडून आलं. बंद बाटलीतून, शिक्का मारलेल्या खोक्यातून आलं. कोणत्या बाटलीतून, ते कुणालाही कधी कळणार नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही."

'आमच्याकडून' हा शब्द त्यांनी वापरला. टाइप करणाऱ्या मुलीची बोटं क्षणभर थांबली, मग तिने तोही टाइप केला.

"एकूण किती दिली असतील?" अधिकारी बाईंनी विचारलं. "अंदाजे चालेल."

"सहाशे बावीस," आई म्हणाली. "चार वर्षांची सहाशे चोवीस होतात. दोन चुकली. एकदा तिला गोवर आला होता आणि एकदा बर्फवाला मेला."

"हे कुठे लिहून ठेवलं होतंत?"

"लिहायला कशाला हवं? दर वेळी ती म्हणायची, आई, नको. तेवढी मोजलीत मी."

टाइप करणाऱ्या मुलीने आकडा टाइप केला. मग चाकाच्या खुर्चीतून जड आवाज आला.

"शेवटच्या वर्षी... 'नको' म्हणत नव्हते मी."

आई वळली. "हो," ती म्हणाली, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "शेवटच्या वर्षी तूच फडकं घेऊन यायचीस. मला म्हणायचीस, लवकर कर, मला खेळायला जायचंय."

निघताना डॉक्टरांनी चिमणीला एक गोष्ट सांगितली. दावा जिवंतपणी मंजूर होऊ शकतो, लक्षणांवरून. पण शंभर टक्के खात्री मेंदू तपासूनच होते, नंतर. त्यासाठी सक्ती नाही. कुटुंबानेही आत्ता उत्तर देऊ नये.

चिमणीने माझ्याकडे कागद मागितला. तिची सही आता सही राहिली नव्हती, वाळूत काटकी ओढावी तशी रेघ होती. ती रेघ ओढायला तिला पाच मिनिटं लागली.

"चारशे जणांना विचारलं नाही," ती म्हणाली. "मला विचारलंत. म्हणून देते."

पुढच्या दोन महिन्यांत शब्द गेले. आधी मोठे गेले, मग छोटे, मग माझं 'दादा' गेलं. आपण सांगतो ते तिला कळतं की नाही, हेही आम्हाला कळेना. एक दिवस सिग्नलवाला तिला भरवत होता. ती तोंड उघडेना. तो थकला असेल, की नुसती सवय, त्याने तर्जनी वर करून हवेत छोटं वर्तुळ काढलं. बंदरावरचा 'उचल'चा इशारा. तिने हनुवटी उचलली.

आम्ही सगळे जागच्या जागी थबकलो. त्याने घास दिला, मग हात उताणा करून हळू खाली नेला. खाली सोड. तिने गिळलं. चार घासांनंतर तिने आपली वाकडी मूठ उचलून त्याच्या समोर धरली. थांब.

त्या दिवसापासून तो तिच्याशी हातांनी बोलू लागला. बाविसातली बहुतेक वर्षं ती वर आणि तो खाली, असेच बोलले होते. आता ती गादीवर होती आणि तो शेजारी, एवढाच फरक. डॉक्टरीणबाई घरी बघायला आल्या, त्यांनी हे पाहिलं आणि हातातली वही मिटली. "आत काय शिल्लक राहतं, ते आम्हाला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "एवढं शिकून हेच कळलंय."

निकालाचं पत्र आलं तेव्हा ती बहुतेक वेळ झोपलेली असायची. दावा मंजूर. त्या पैशांतून दिवसाची एक बाई आली, रात्रीची एक आली, बटण दाबून वरखाली होणारा पलंग आला. सिग्नलवाल्याला झोप मिळाली. मी ते पत्र तिच्या उशाशी बसून वाचून दाखवलं. आई ऐकत होती. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं. मी ते वाचून पुढे गेलो, तर आई म्हणाली, "ते पुन्हा वाच."

"'इंजेक्शन देणाऱ्या व्यक्तीने सर्व सूचनांचं काटेकोर पालन केलं होतं.'"

"काटेकोर म्हणजे?"

"म्हणजे जराही इकडेतिकडे न करता."

"हं," आई म्हणाली. "तेच तर. जरा इकडेतिकडे केलं असतं तर..." तिने वाक्य सोडून दिलं आणि चिमणीच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

तीन आठवड्यांनी, सकाळी साडेनऊला, चिमणी गेली. सिग्नलवाल्याचा हात हातात होता.

मेंदू तपासणाऱ्या बाईंचा फोन दोनेक महिन्यांनी आला. निदान पक्कं झालं होतं. अहवाल पोस्टाने पाठवता येईल, त्या म्हणाल्या, पण कुणाला प्रत्यक्ष विचारायचं असेल तर यावं. मी जायला निघालो, तर आईने विचारलं, "तिथे दुर्बीण असेल ना? भिंगांची?" मी हो म्हटलं. "मग मीपण येते."

प्रयोगशाळा लहानशी, स्वच्छ, औषधांच्या वासाची. बाईंनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आधी मी पाहिलं. आयुष्य भिंगांत गेलंय, पण असं काही पाहिलं नव्हतं. फिकट जांभळ्या पेशींच्या मैदानात जागोजागी गोल गोल ठिपके, मधे गडद, कडेने बारीक पाकळ्या फुटलेल्या. फुलांची नक्षी असावी तसे. हेच ते, बाई म्हणाल्या. चुकलेल्या घड्यांचे साठे. मला त्याचा राग यायला हवा होता. पण मी श्वास रोखून बघत राहिलो. इतकं सुबक आणि इतकं क्रूर, आणि त्याला दोन्हींपैकी कशाचाच पत्ता नाही.

मग आई पुढे झाली. बाईंनी तिच्यासाठी स्टूल खाली केलं, भिंग तिच्या डोळ्याशी जुळवलं. आई वाकून बघू लागली.

"ही फुलं म्हणजे रोग?" तिने विचारलं.

"हो."

"आणि यात तिचं कुठलं?"

बाईंना प्रश्न कळला. त्यांनी चकती थोडी फिरवली, काचपट्टी केसभर सरकवली. "आता बघा. मोठी, थेंबासारखी पेशी दिसते? वरून फांद्या फुटलेल्या, झाडासारख्या? ही तिची. शरीराचा तोल राखणारी. या भागातल्या बहुतेक गेल्या. ही राहिली होती."

आईने दुसरा डोळा हाताने झाकून घेतला. तिचा श्वास संथ झाला. काचेच्या दारावर कुणीतरी टकटक केली, बाईंनी हातानेच त्यांना थांबायला सांगितलं.

"केवढ्या फांद्या आहेत हिला," आई म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "मी एकदाच बघते आणखी." आणि पुन्हा वाकली.

आम्ही तिला घाई केली नाही.